लेगोतला नाताळचा गोठा: मेंढ्या, गव्हाण आणि मागी कुठे उभे करायचे

विषय: डिसेंबरची मांडणी, लेगोतला गोठा
प्रेषक: बालविभाग

नमस्कार मंडळी,

ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटात यंदा ख्रिस्तजन्माचा देखावा लेगोत करायचा आहे. कप्प्याची रुंदी ५५ सेंमी, खोली ३०. एका स्टडला (विटेवरचा गोल उंचवटा) ८ मिमी धरले, तर ३२×३२ स्टडच्या दोन बेसप्लेट (मांडणीखालचे पातळ पाट) शेजारीशेजारी बसतात आणि बाजूला बोटभर जागा उरते. डावीकडे गोठा, उजवीकडे मेंढपाळांचं रान, असा बेत आहे. गोठा लाकडी करावा की दगडी? मुलांना घरच्या डब्यांतून नेमकं काय शोधायला सांगू?

विषय: उत्तर: डिसेंबरची मांडणी, लेगोतला गोठा
प्रेषक: मांडणी समिती

ताई, गुहाच करा. बेथलेहेमला जन्मस्थान म्हणून दाखवतात तीही चर्चखालची गुहाच आहे. शिवाय लाकडी छपराला लागतील इतके तपकिरी स्लोप (उतरत्या विटा) कुणाकडे नसतात. करड्या विटांना मात्र तोटा नाही.

आतून १६ स्टड रुंद, ८ खोल आणि ८ विटा उंच. मिनिफिग (लेगोची माणसाची छोटी मूर्ती) साधारण ४ विटा उंच असते, म्हणजे डोक्यावर तेवढीच मोकळी जागा राहते. समोरची बाजू उघडी. एका थराला ३४ स्टड लागतात: १×४ च्या आठ विटा आणि १×२ ची एक. आठ थरांना ६४ आणि ८. सांधे मोडूनच रचा, गवंडी रचतो तसे. उभा सांधा सलग आला की छप्पर दाबताना भिंत तिथेच फाकते.

छप्पर पक्कं बसवू नका. भिंतींच्या माथ्यावर टाइल (वर स्टड नसलेले गुळगुळीत तुकडे) लावा आणि फक्त चार कोपऱ्यांत एकेक स्टड उघडा ठेवा, म्हणजे झाकणासारखं उचलता येईल. नाहीतर आतली एक मूर्ती कलंडली की हात जात नाही आणि सगळं उचकटावं लागतं.

गव्हाण आठ तुकड्यांची. खाली २×४ प्लेट (प्लेट म्हणजे विटेच्या एक-तृतीयांश उंचीचा तुकडा). तिच्यावर २×२ चे चार उलटे स्लोप, दोन-दोन पाठीला पाठ लावून, उतार बाहेर. वर ४×४ माथा मिळतो. मागच्या कडेला १×४ वीट, पुढच्या कडेला १×४ प्लेट, मध्ये पिवळी २×४ टाइल. पुढेही वीट लावायचा मोह होतो, पण मग बाळ काठाआड जातं आणि काचेबाहेरून रिकामी गव्हाण दिसते. प्लेट ठेवली की पुढची उंची १६ मिमी होते, म्हणजे उभ्या मूर्तीच्या बरोबर कमरेला.

मरीयेला पायांऐवजी निळा २×२×२ स्लोप लावतात. तो दोन विटा उंच, पाय मात्र पाच प्लेट. त्यामुळे ती योसेफापेक्षा एक प्लेट उंच दिसते. योसेफाच्या पायाखाली एक प्लेट सरकवा, संपलं.

विषय: उत्तर: उत्तर: डिसेंबरची मांडणी, लेगोतला गोठा
प्रेषक: बालविभाग

दादा, गुहा ठरली. पण मेंढ्या? तयार मेंढी एकाच मुलाकडे आहे, आपल्याला पाच हव्यात.

विषय: उत्तर: मेंढ्या
प्रेषक: मांडणी समिती

एका मेंढीला १४ तुकडे. १×३ पांढरी प्लेट, तिच्या दोन टोकांखाली काळ्या १×१ गोल प्लेट, हे पाय. वर १×१ च्या तीन विटा: मागच्या दोघींना समोरासमोरच्या दोन बाजूंवर स्टड हवेत, पुढचीला फक्त तोंडाकडे एक. बाजूच्या चार स्टडवर आणि पाठीच्या तीन स्टडवर पांढऱ्या गोल प्लेट, ही लोकर. तोंडाच्या स्टडवर काळी १×१ प्लेट.

चारही बाजूंना स्टड असलेल्या विटा मुलं हमखास उचलतात. त्या शेजारीशेजारी बसतच नाहीत, एकीचा स्टड दुसरीच्या अंगात घुसतो. जोर लावला तर खालची प्लेट वाकते.

विषय: उत्तर: मेंढ्या, आणि मागींचं काय
प्रेषक: एक सभासद, वसईकडचे

मंडळी, एक गोष्ट लक्षात घ्या. मेंढपाळ आणि गव्हाण लूकच्या शुभवर्तमानात आहेत, मागी, म्हणजे पूर्वेकडून आलेले ज्ञानी (यांनाच तीन राजे म्हणतात), आणि तारा मत्तयात. मत्तय त्यांची संख्या सांगत नाही. सोनं, ऊद, गंधरस अशा तीन भेटी म्हणून आपण तिघे धरतो. बैल आणि गाढव तर दोन्हीकडे नाहीत, ते परंपरेनं आले. हरकत नाही, बैल ठेवाच, मुलांना तोच आवडतो.

पण मागींना पहिल्या दिवसापासून गोठ्यात गर्दी करायला लावू नका. आमच्याकडे बाळ २४ च्या रात्री ठेवतात आणि तीन राजे ६ जानेवारीला पोचतात. गोव्यात रेइश मागुश गावच्या चर्चचं फेस्तही (सण) त्याच दिवशी. त्यांना उजव्या प्लेटच्या टोकाला उभं करा आणि दर आठवड्याला आठ-दहा स्टड पुढे सरकवा. त्यासाठी वाट टाइलची नको, स्टडचीच ठेवा, नाहीतर ते उभे राहणार नाहीत. देवदूत गोठ्यावर नाही, मेंढपाळांवर.

विषय: उत्तर: उत्तर: मागींचं काय
प्रेषक: मांडणी समिती

काका, मान्य. उंट विटांचे करू, मागी पायीच निघाले तरी चालेल.

देवदूताला गळ्यात मागे स्टड असलेला नेक ब्रॅकेट, त्यावर पांढऱ्या प्लेटचे पंख. त्याला वर धरणाऱ्या खांबाला पारदर्शक १×१ गोल विटांची काठी करू नका, दहाबारा चढल्या की डुलते. १×२ पारदर्शक विटा घ्या. त्या एकमेकींना फार घट्ट धरतात, म्हणून सेपरेटर (विटा सोडवायचं साधन) जवळ असू द्या, दात नकोत.

६ डिसेंबरच्या संत निकोलससाठी कोपऱ्यात जागा उरली, तर लाल झग्यावर बिशपची टोपी: डोक्याच्या स्टडवर १×१ चा दुहेरी लाल स्लोप. हातात पिवळ्या गोल प्लेट, त्याच्या कथेतल्या गरीब बापाच्या तीन मुलींसाठी सोनं. तीनच हव्यात.

शेवटचं, ने-आणीचं. बेसप्लेट खालून सपाट असते, दुसऱ्या विटांवर बसत नाही. दोन्हींचा जोड वरून घ्यायचा, सांध्यावर २×४ प्लेट किमान चार ठिकाणी. नुसती बेसप्लेट उचलली की वाकते आणि भिंतीचा तळ सुटतो. खाली ६ मिमी प्लायचा तुकडा, ५२×२६ सेंमी, आणि दोन माणसं.