अनुभव धागा: मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनातला तो एक दिवस

वखारीची_लाईन

काल भिंतीत खुंटी बसवायला ड्रिल चालवलं आणि मोटारीतून तो वास आला. कार्बनच्या ब्रशवर ठिणग्या उडतात त्याचा, ओझोनचा, आणि त्यात थोडं तापलेलं तेल. ड्रिल हातात धरून मी तशीच उभी राहिले. एकदम मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनाचा तो हॉल आठवला, तिथेही हाच वास होता. मी अकरा वर्षांची होते तेव्हाचा.

मोठमोठे लेआउट होते, म्हणजे फळ्यांवर उभारलेली छोटी रेल्वे. डोंगर, पूल, चार चार गाड्या एकदम धावणाऱ्या. मी मात्र एका कोपऱ्यातल्या अरुंद फळीसमोर अडकले. एक छोटं स्टेशन, डबे उभे करायचे बाजूचे तीन रूळ (सायडिंग), मागे लाकडाची वखार. बराच वेळ काहीच हलत नव्हतं, म्हणून लोक दोन मिनिटं थांबायचे नि निघून जायचे. फळीमागे एक वयस्क काकू बसल्या होत्या, हातात पत्त्यांसारखा कार्डांचा गठ्ठा. प्रत्येक मालडब्याचं एक कार्ड, त्यावर तो डबा कुठून आला आणि कुठे सोडायचा ते लिहिलेलं. मी हलत नाही हे बघून त्यांनी एक कार्ड माझ्या हातात दिलं. "हा वखारीत सोडायचाय. इंजिन मी चालवते, सांधे तू बदल." सांधे म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायची जागा.

एक डबा सोडायला अकरा मिनिटं लागली. मधे दुसरे दोन डबे होते, ते आधी काढून बाजूला लावायचे, मग आपला आत ढकलायचा, मग ते दोन परत जागेवर. बारीक काडीने कप्लिंग, म्हणजे डब्यांमधला आकडा, सोडवताना माझा हात थरथरत होता. मी म्हटलं, जरा जोरात चालवा ना. काकूंनी हिशेबच करून दाखवला: ताशी १०० किलोमीटरची गाडी १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये, सेकंदाला जेमतेम ३२ सेंटीमीटर जाते. शंटिंगचं, म्हणजे असे डबे इकडून तिकडे लावणारं, इंजिन ताशी १० ने चालतं, म्हणजे सेकंदाला ३ सेंटीमीटर. "खरी गाडी जड असते, ती अशीच चालते." त्या दिवसापासून मला पळणाऱ्या गाड्या बघवत नाहीत.

तुम्ही लिहा. पहिलं प्रदर्शन, स्वतःचं इंजिन घेऊन गेलेला दिवस, तिथे भेटलेलं कोणी, काहीही.

रात्रपाळी

पत्ता ३.

एवढंच लिहिलं तरी कळणाऱ्यांना कळेल. बाकीच्यांसाठी: डीसीसीमध्ये (मॉडेल गाड्या चालवायची डिजिटल पद्धत) वीज आणि हुकूम दोन्ही रुळांतूनच जातात, प्रत्येक इंजिनातला डिकोडर फक्त आपल्या पत्त्याचा हुकूम ऐकतो. नवीन डिकोडरचा पत्ता ३ असतो. माझं पहिलं इंजिन, क्लबच्या रुळावर ठेवायची पहिली परवानगी. मी ३ लावून वेग दिला तर समोरून अजून दोन इंजिनं निघाली! तीही नवीन होती. घाबरून पत्ता बदलायला गेलो, पण प्रोग्रॅमिंगसाठी रुळाचा वेगळा तुकडा असतो हे माहीत नव्हतं, मुख्य लाईनवरच बदलला. रुळावरच्या सगळ्या इंजिनांनी तो पत्ता घेतला. चौदा इंजिनं. चौदा!

कोणी ओरडलं नाही. क्लबचे एक दादा म्हणाले, चला, आज सगळ्यांची इंजिनं एकदा हातात घेऊन बघता येतील. दीड तास एकेक उचलून पत्ते परत घातले. त्या दीड तासात मला सगळ्यांची नावं पाठ झाली. अजून त्याच क्लबात आहे.

दोन_रूळ

चौदा 😀 आमच्याकडे पाच होती.

पिंटूची_आई

मुलगा झोपलाय तोवर लिहिते. लेआउट उंच का ठेवतात हे मला आधी कळायचं नाही, राग यायचा. छातीएवढी उंची, तीन वर्षांच्या पोराला फक्त टेबलाचे पाय दिसतात. कडेवर घेऊन घेऊन हात मोडले. मग एका लेआउटवाल्या मावशींनी आतून लाकडी खोकं काढून दिलं, वर उभं केलं त्याला. त्याचे डोळे बरोबर रुळाच्या पातळीवर आले. गाडी बोगद्यातून थेट त्याच्या तोंडासमोर आली आणि तो श्वास घ्यायचाच थांबला! मी वाकून त्याच्या उंचीवरून बघितलं तेव्हा उंचीचं कारण कळलं. वरून बघितलं तर खेळणं दिसतं, रुळाजवळ डोळे नेले की गाडी दिसते.

आता मीच झाडं करते. वाळलेल्या फुलांचे तुरे आणि बारीक तारेचं खोड. गवत मशीनने लावते, विद्युतभाराने तंतू गोंदात उभेच्या उभे रोवले जातात, बघत राहावं असं आहे ते. उठला. येते परत.

जुनं_लोखंड

माझा अनुभव आनंदाचा नाही पण लिहितो.

आजोबांचं चावीचं इंजिन होतं, १९३० च्या दशकातलं. डब्यात कापसात ठेवलेलं, आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. आजोबा गेल्यावर मी ते प्रदर्शनात घेऊन गेलो, जुन्या गाड्यांच्या टेबलावर कोणीतरी चावी दुरुस्त करून देईल या आशेने. तिथल्या काकांनी कापूस बाजूला केला आणि एकदम हात मागे घेतला. म्हणाले, उचलू नका. चाकांवर आणि खालच्या सांगाड्यावर केसांसारख्या भेगा होत्या. जस्ताचा रोग म्हणतात त्याला. त्या काळच्या जस्ताच्या मिश्रधातूत थोडं जरी शिसं मिसळलेलं असेल तरी धातू आतून फुगतो, वाकतो, वर्षानुवर्षं हळूहळू भुगा होत जातो. उपाय नाही. आजोबांनी काही चूक केली नव्हती. ओतलं त्या दिवशीच ते त्यात होतं.

काकांनी पत्र्याची वरची बॉडी सोडवून दिली, ती शाबूत होती. तासभर लागला त्यांना, स्वतःच्या टेबलावरचं गिऱ्हाईक सोडून. बॉडी आता माझ्या कपाटात आहे. चाकांचा भुगा मी एका काचेच्या बाटलीत ठेवलाय.

पिंटूची_आई

दादा, वाचून गलबललं. बाटली ठेवलीत ते बरं केलंत.

दोन_रूळ

नवीन चाकं बनवून मिळतात काही जुन्या मॉडेलांची, पितळेत किंवा चांगल्या मिश्रधातूत. माप घेऊन ठेवा. भुग्याचं माप काही मिळणार नाही, पण बॉडीवरून अंदाज येतो. मदत लागली तर सांगा, माझ्याकडे लेथ आहे.

जुनं_लोखंड

खरंच? निरोप पाठवतो.

पहाटेची_गाडी

सगळे बघ्यांचं लिहिताय, मी मांडणाऱ्यांचं लिहितो. आमचा लेआउट २२ मॉड्यूलचा, म्हणजे एकमेकांना जोडायच्या २२ सुट्या तुकड्यांचा. प्रदर्शन दहाला उघडतं, आम्ही पाचला हॉलमध्ये. हॉलची फरशी कधीच सपाट नसते. पाय फिरवून फिरवून पातळी लावायची, पाणसळ धरायची, बोल्ट घट्ट करायचे आणि मग दोन मॉड्यूलच्या जोडावर रुळावरून बोट फिरवायचं. डोळ्याला न दिसणारी पायरी बोटाला कळते. अर्ध्या मिलिमीटरची पायरी असली तरी लांब गाडीचा मधलाच कुठला तरी हलका डबा तिथे घसरतो, आणि घसरतो तोही नेमका गर्दी जमल्यावर.

गेल्या वेळी सकाळी सगळं नीट चाललं, दुपारी एकाच जागी गाड्या घसरायला लागल्या. तासभर शोधलं. शेवटी लक्षात आलं, खिडकीतून ऊन त्या एकाच मॉड्यूलवर येत होतं आणि लाकूड वाकलं होतं. चादर आडवी टांगली, पंधरा मिनिटांत गाडी सुरळीत.

मला सगळ्यात आवडतो तो संध्याकाळचा अर्धा तास. लोक गेलेले, अर्धे दिवे बंद, आणि आवराआवर करायच्या आधी आम्ही एक शेवटची फेरी मारतो. कोणी बोलत नाही. नुसता चाकांचा आवाज, मॉड्यूल बदललं की बदलणारा. लाकडाची जाडी प्रत्येकाची वेगळी ना.

रात्रपाळी

ऊन!! आमच्याकडे दोन वर्षं हाच घोळ होता, आम्ही चाकं घासत बसलो. आज कळलं.

नवखा_सिग्नल

धाग्याशी संबंध नाही पण विचारतो. पुढच्या महिन्यात पहिल्यांदा जातोय. खोली लहान आहे. एच ओ मापाचं घेऊ की एन, जे त्याहून लहान?

दोन_रूळ

जा आणि बघून ठरव. आधी काही घेऊ नकोस. पण आकडे सांगतो: एच ओ १:८७, रुळाचं अंतर १६.५ मिमी. एन १:१६०, ९ मिमी. वीस मीटरचा डबा एच ओमध्ये २३ सेंटीमीटर, एनमध्ये साडेबारा. खोली लहान असेल तर वळणंच घात करतात. एच ओमध्ये ४५ सेंटीमीटर त्रिज्येचं वळण म्हणजे खऱ्या मापात ३९ मीटर, मुख्य लाईनवर असं वळण नसतंच. लांब डबे त्यावर फार केविलवाणे दिसतात, कोपरे बाहेर येतात.

पहाटेची_गाडी

प्रदर्शनात टी-ट्रॅकवाले दिसले तर थांब. एनमध्ये साधारण ३१ सेंटीमीटर रुंद मॉड्यूल, टेबलावर शेजारी शेजारी ठेवून रूळ एकमेकांत अडकवायचे. जपानमध्ये सुरुवात झाली, जागा कमी म्हणूनच. एक मॉड्यूल कर, घेऊन जा, दुसऱ्यांच्या मॉड्यूलमध्ये जोड. तुझ्या एका फुटावरून पूर्ण गाडी जाईल.

नवखा_सिग्नल

हे भारी आहे. आणि रूळ कशाने पुसायचे?

दोन_रूळ

आता झालं, इथून पुढे शंभर उत्तरं येणार.

रात्रपाळी

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड.

पहाटेची_गाडी

अल्कोहोल चालेल, पण घासायचा खडबडीत रबर नको. ओरखड्यात मळ जास्त बसतो.

जुनं_लोखंड

रूळ निकेल सिल्व्हरचे बघून घे. नावात चांदी आहे, धातूत नाही. तांबं, निकेल, जस्त. पितळेच्या रुळावर जो थर चढतो तो वीज अडवतो, म्हणून जुने पितळी रूळ सारखे पुसावे लागतात.

उशिरा_आलेली

मी प्रदर्शन नाही पण हॅम्बुर्गचं मिनियाटूर वुंडरलँड बघून आलेय, २००१ ला सुरू झालेलं. चालेल का इथे? तिथे पंधरा मिनिटांत दिवस मावळतो. सगळ्या खोल्यांमध्ये हळूहळू अंधार होतो आणि हजारो बारीक दिवे लागतात. विमानतळ आहे त्यात, विमानं धावपट्टीवरून उठतात. सगळं बघितलं, पण आठवतंय ते वेगळंच. एका काचेमागे एक मुलगी भिंगाखाली बोटाच्या पेराएवढ्या माणसाला टोपी चिकटवत होती. मी वीस मिनिटं तिथेच. घरी आल्यावर चिमटा आणि भिंग घेतलं. आत्तापर्यंत ४० माणसं रंगवलीत, लेआउट अजून नाही.

पिंटूची_आई

उशिरा ताई, माझ्याकडे झाडं आहेत, तुमच्याकडे माणसं. टी-ट्रॅकचं मॉड्यूल करूया का दोघी?

उशिरा_आलेली

माझी माणसं एच ओची आहेत गं. एनमध्ये राक्षस दिसतील. पण करूया. एनची रंगवायला घेते.

पहाटेची_गाडी

वखारताई, एक राहिलंच. त्या डब्याचं पुढे काय झालं?

वखारीची_लाईन

वखारीतच राहिला. कार्डाप्रमाणे तो भरून साडेचारच्या मालगाडीने परत न्यायचा होता. काकू म्हणाल्या, थांब, तूच काढ. पण चारलाच मला न्यायला आले.