पाणीपातळी बघणं बंद केलं. बरोबर केलं का?

दुधाळी_कट्टा:
२०१९ ला घरात छातीभर पाणी होतं. तेव्हापासून पावसाळा लागला की माझा एकच उद्योग, तासातासाला मोबाईल काढून कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. ३९ फूट इशारा, ४३ धोका, हे आकडे पोराच्या वाढदिवसापेक्षा पक्के पाठ. परवा पातळी २२ असताना रात्री अडीचला उठून पायरीवर बॅटरी मारून आलो. बायको म्हणाली, "पाणी नदीला नाही, तुमच्या डोक्यात चढलंय." आठ दिवस झाले, पुराचे सगळे ग्रुप म्यूट केलेत. झोप लागाय लागलीय. नकारात्मक विचारांचा खुराकच तोडायचा, असं माझं मत झालंय. बोला.

शाहूपुरी_कुंभार:
भावा, राग मानू नको, पण पटलं नाही. जुलै म्हणजे आमच्याकडं अर्ध्या रंगवलेल्या मूर्तींनी घर भरलेलं, पाय ठेवायला जागा नसते. २०१९ ला "एवढं काय येत नसतंय" म्हणून आम्हीच पॉझिटिव्ह राहिलो आणि माल चिखलात गेला. २०२१ ला पातळी ३९ ला टेकायच्या आत वडिलांनी टेम्पो सांगितला. गल्ली हसली, म्हातारं लई निगेटिव्ह म्हणाली. बघता बघता पाणी ५५ फुटांच्या वर! आमची फक्त एक सोंड तुटली, ती पण टेम्पोत चढवताना. असला निगेटिव्ह विचार मला रोज पायजे.

कळंबा_बाई:
दादा, तुमच्या वडिलांनी टेम्पो सांगितला आणि विषय संपवला. अडीचला पायरीवर बॅटरी मारून काय हलवलं? मला तरी हा फरक मोठा वाटतो.
पण दुधाळीकर, तुमचंही चुकतंय. १९८७ साली वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. झालं, अस्वल डोक्यातून जाईना. विचार दाबला की तो उसळतो. त्यापेक्षा तो कागदावर घ्या. ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात जी उपचारपद्धत (कॉग्निटिव्ह थेरपी) बसवली, तिचं मूळ हेच. विचार आपोआप येतो, आपण त्याची उलटतपासणी करायची. "आज रात्री पाणी घरात येणार." पुरावा काय? पातळी २२, आधी पाणी शिरतं तो सुतारवाडासुद्धा कोरडा. मग?

दुधाळी_कट्टा:
बाई, वही करून बघितली होती. चार दिवसांत वहीच पुराची झाली. लिहिताना सगळं परत दिसायचं, फ्रीज कसा तरंगत होता ते.

कळंबा_बाई:
मग ती उलटतपासणी नाही, उजळणी झाली. पुराव्याचा रकाना भरला होता का?

दुधाळी_कट्टा:
नाही.

जुना_बुधवार:
हे अस्वल, रकाने वगैरे ठीक आहे. पण माणूस घाबरलाय तो नदीमुळं. पूररेषेत बांधकामं, पात्राकडेला भराव, आणि आपण म्हणायचं मन शांत ठेवा! २००५, २०१९, २०२१. तीनदा बुडालेल्या माणसानं घाबरू नये तर काय करावं? "पॉझिटिव्ह रहा" हा गप्प बसवायचा सभ्य मार्ग आहे.

माहेर_बावडा:
भांडा नदीसाठी, कोण नको म्हणतंय? पण भांडायला पण झोप लागते हो! आमच्या सासूबाईंना सगळ्याची काळजी, गॅसपासून पुण्याच्या नातवापर्यंत. आता संध्याकाळी सहा ते सव्वासहा त्यांची काळजीची शिफ्ट. अंगणात खुर्ची टाकून बसायचं, काय वाटेल ते वाटून घ्यायचं. दुपारी काही आठवलं की स्वतःच म्हणतात, "सहाला बघू." निम्म्या काळज्या सहाला आठवत पण नाहीत. आम्ही आधी हसत होतो, आता मीही बसते. आणि दादा, दोन-दोन आठवडे झोप उडत असेल तर १४४१६ ला फोन लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट. मराठीत बोलतात.

जुना_बुधवार:
सहाची शिफ्ट भारी आहे. माझं मत तेच.

शाहूपुरी_कुंभार:
दुधाळीकर, ग्रुप म्यूटच ठेव. मी तसंही बघत असतोच. ३५ झाली की तुला फोन करतो. तोवर झोप.

दुधाळी_कट्टा:
आणि तू कधी झोपणार?

शाहूपुरी_कुंभार:
गणपती बसल्यावर.