परदेशात संसार मांडलेली आई: तुमच्या आठवणी लिहा

साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी गेलेल्या आया आता एकेक करून जायला लागल्यात. मध्यंतरी ओळखीतल्या दोघी गेल्या आणि दोघींच्या शोकसभेत तीच विशेषणं ऐकली: त्यागमूर्ती, अन्नपूर्णा, सोशिक. त्यातली एक तर चांगलीच भांडखोर होती! म्हणून हा धागा. विशेषणं नकोत. आई काय करायची, कशावर अडून बसायची, कुणाला काय सुनवायची ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

आई १९७२ साली न्यू जर्सीत आली. १९६५च्या कायद्याने मूळ देशावरून ठरणारा कोटा गेला आणि इंजिनियर-डॉक्टरांची जी लाट अमेरिकेत आली, त्यातले आमचे बाबा. भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर आज पाऊल ठेवायला जागा नसते, तेव्हा तिथे रवासुद्धा मिळत नव्हता. शिऱ्याला क्रीम ऑफ व्हीट, गुलाबजामला पॅनकेकचं तयार पीठ बिस्क्विक आणि चिवड्याला न्याहारीचे कुरमुरे, राइस क्रिस्पीज. पुढे पातळ पोहे कोपऱ्यावर मिळायला लागले, तरी आईचा चिवडा राइस क्रिस्पीजचाच. पुण्याहून मावशी आली तेव्हा तिने नाक मुरडलं, "अगं, हा काय चिवडा? लहान मुलांचा खाऊ आहे हा." आई म्हणाली, "मग तू तुझा कर." मावशीने खरंच केला. ओट्यावर दोन डबे, आणि कुठला आधी संपतो यावर दोघींची बारीक नजर.

दिवाळी अंक बोटीने यायचे, हातात पडेपर्यंत होळी. आई पेन्सिल घेऊन वाचायला बसे आणि कथा फसली की समासात "उगाच लांबवली" असा शेरा मारी. नावाजलेल्या लेखकांचीही सुटका नाही. घर आवरताना गठ्ठेच्या गठ्ठे निघाले. जागा नाही, तरी ठेवलेत. आता मी कथा सोडून शेरेच वाचते.

नवगावची_नात (अश्दोद, इस्राएल)

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आईचं माहेर अलिबागकडचं, तिच्या आजोबांपर्यंत तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद, कारण तो शब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस. म्हणून गावात "शनवार तेली". ती लग्नाआधीच आईवडिलांबरोबर इथे आली. वाळवंटातल्या नव्या वसाहतीत घर आणि कापडाच्या गिरणीत पाळी. पाठोपाठ आमच्या लोकांच्या लग्नांवरून वाद पेटला. इतर ज्यूंशी लग्न लावायचं तर आमच्याच पूर्वजांची चौकशी! १९६४ साली जेरुसलेमला मोठं आंदोलन झालं आणि शेवटी संसदेत ठराव झाला की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यूच. आई त्या गर्दीत होती. विचारलं तर म्हणायची, "दोन हजार वर्षं शब्बाथ पाळला, आणि हे मला विचारतात तू कोण!" एवढं बोलून ती पुन्हा भाजी निवडायला लागे.

नवस फेडायचा असो वा बारसं, मलिदा घरीच. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि गुलाब, मग एलियाहू हन्नबीचं, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याचं नाव. मोशे आणि दावीदच्या गोष्टींची मराठी कीर्तनं ती पहाडी आवाजात म्हणे. शेजारच्या मोरोक्कन बाईंना त्यातलं अक्षर कळत नसे, तरी त्या ताटली घेऊन हजर.

ती गेल्यावर सात दिवस शिवा, म्हणजे आमचं सुतक, पाळला. आरसे झाकलेले, आम्ही खाली बसलेलो. नातवंडं हिब्रूत फार छान बोलली, तरी कुणीतरी मराठीत रडावं असं मला वाटत होतं. मग आली तिची गिरणीतली मैत्रीण, मूळची पेणची. दारातूनच ओरडली, "गेलीस ना गं मला न सांगता!" तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

दगडावर हिब्रूखाली मराठी ओळ हवी असा हट्ट मी धरला. कारागिराला देवनागरीचा गंध नाही. मी मोठ्या अक्षरांत छापून दिलं, त्याने टाचणीसारख्या छिन्नीने हुबेहूब उतरवलं, फक्त प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी. "आई" आता "आ" आणि "ई" अशी दोन घरं करून राहते. दुरुस्त करू म्हणाला, मी नको म्हटलं.

मुक्काम_लेस्टर

आई नर्स होती, बहुतेक रात्रपाळी. फार लिहिता येणार नाही, अजून ताजं आहे. इथे इंग्लंडात, लेस्टरच्या सोर नदीत अस्थी सोडता येतात. "माझ्या राखेला विमानाचं तिकीट काढू नका," असं आईने बजावलं होतं. दादाला मात्र नाशिकचं रामकुंडच हवं होतं. अर्ध्या इथे, अर्ध्या तिथे, असं ठरलं. कुणावर वेळ आली तर: मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि भारतीय उच्चायुक्तालयाचं ना-हरकत पत्र तयार ठेवा. कलश धातूचा नको, विमानतळाच्या यंत्रातून आतलं दिसायला हवं. हे सगळं मला रडत रडत शोधावं लागलं.

अर्धा_तास (कॅलिफोर्निया)

वरचं वाचून बरं वाटलं, पण माझी आई इथे रमली नाही, हेही कुणीतरी लिहायला हवं. बाबा गेल्यावर मी तिला साताऱ्याहून आणलं. गाडी चालवता येत नाही, बस तासातासाने, शेजारी हात हलवून गराज बंद करणार. ती म्हणे, "इथे भांडायला पण कुणी नाही."

तिने एक युक्ती काढली होती. उन्हाळ्यात इथल्या आणि भारताच्या वेळेत साडेबारा तासांचा फरक. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास मिळवला की साताऱ्याची वेळ. "आत्ता तिथे साडेसात, दूधवाला आला असेल." नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की हिशेब दीड तासावर जाई आणि ती सरकारवर चिडे. वर्षातून दोनदा ठरलेली चिडचिड!

तिचा खरा गोतावळा बागेतला. एक पंजाबी, एक तमिळ, दोन गुजराती आज्या, आणि सगळ्यांची मोडकी हिंदी. ती गेल्याचं कळल्यावर त्या चौघी चालत घरी आल्या, तमिळ आजी इडल्यांचा डबा घेऊन. माझ्या ऑफिसातून फुलं आली होती. ती कुठे ठेवली तेही आठवत नाही.

सुरुवात करणारी

नवगावची_नात, मलिद्याला पोहे जाडे की पातळ?

नवगावची_नात

आई जाडे घ्यायची. पण पाण्यात बुडवून ठेवायचे नाहीत, चाळणीत धुऊन झाकायचे. आणि राइस क्रिस्पीज तर मुळीच नकोत!