प्रवर्तन, परिवर्तन आणि नुसता 'बदल'

प्रश्न: दसऱ्याच्या आधी लक्ष्मीनगरात फ्लेक्स लागला होता, 'धम्मचक्र परिवर्तन दिन'. कुणीतरी निळ्या मार्करनं 'परि' खोडून वर 'प्र' लिहिलं होतं. मीही इतकी वर्षं परिवर्तनच म्हणत आलो. फरक काय? आणि तत्त्वज्ञानातल्या 'चेंज'ला यातला कोणता शब्द चालेल?

उत्तर: मार्करवाला बरोबर आहे. धातू एकच, वृत्, म्हणजे वळणं, फिरणं. 'प्र' लागला की चालतं करणं. बुद्धांचं सारनाथचं पहिलं प्रवचन पालीत 'धम्मचक्कप्पवत्तन', चाकाला दिलेली गती. 14 ऑक्टोबर 1956 च्या दीक्षेचा दिवस म्हणून 'प्रवर्तन' दिन. 'परि' लागला की गोल फिरणं. 'चक्रवत् परिवर्तन्ते दुःखानि च सुखानि च' यात सुखदुःखं फिरून फिरून येतात. म्हणजे जुन्या अर्थानं त्या फ्लेक्सवर भलतंच छापलं होतं. जे मागे टाकायला लोक दीक्षाभूमीवर जमले, तेच पुन्हा फिरून येणार!

उत्तर: 'बदल' अरबीतून आला. मूळ अर्थ ऐवजी दिलेली वस्तू. म्हणून बदला, अदलाबदल, बदली कामगार. एक गेलं, त्याजागी दुसरं आलं. तत्त्वज्ञानाचा पेच वेगळा आहे: वस्तू तीच राहून वेगळी कशी होते? सांख्य या जुन्या दर्शनाचा शब्द 'परिणाम', म्हणजे वस्तूनंच खरोखर दुसरं रूप घेणं, दुधाचं दही. पण मराठीत परिणाम म्हटलं की निकालच आठवतो. अद्वैत वेदान्तवाल्यांचा 'विवर्त', म्हणजे नुसता भासलेला बदल, दोरीवर दिसलेला साप. दोरीला काहीच झालेलं नाही. यास्कांच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात, जन्मण्यापासून नष्ट होण्यापर्यंत सहा भावविकार, म्हणजे असण्याच्या अवस्था, आहेत, आज 'विकार' दवाखान्यात जाऊन बसलाय. राहिले क्षणिकवादी बौद्ध. त्यांच्या मते टिकणारी वस्तूच नाही, एक क्षण जातो, दुसरा येतो. आता बघा, हा तर शब्दशः 'बदल'! त्यांच्यापुरता अरबी शब्दच सगळ्यात चपखल, असं माझं मत.

उत्तर: आपल्या वऱ्हाडीला कुणी विचारलंच नाही. विरजण लावलेल्या गंजावरचं झाकण उचलून आजी विचारायची, "दही लागून राहिलं का रे बाबू?" पुणेकर या 'राहिलं'ला हसतात. पण होणं चालू आहे हे सांगायला आपण 'राहणं' वापरतो, म्हणजे वस्तू राहतेही आणि होतेही, त्यात सांख्यांचं अर्धं काम झालं.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. मंडळाच्या पोरांना प्र-परि सगळं समजावून सांगितलं. ऐकून घेतलं नि म्हणाले, "फ्लेक्सच बदलवून टाकतो ना भाऊ."