मदत हवी आहे: वॅक्स लावायचे पॅड धुऊन परत कसे वापरायचे? (लाल झालेलं पॅड, बोअरचं पाणी, पावसाळा)

नमस्कार मंडळी,

हाताने वॅक्स करणारे इथे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय, सगळी माहिती आधीच देतो म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. रत्नागिरीला राहतो, समुद्र फार लांब नाही त्यामुळे खारा वारा कायमचाच, गाड्या पत्र्याच्या शेडमध्ये असतात पण शेड बाजूनं उघडी आहे. घरात दोन गाड्या. एक बाबांची जुनी लाल, त्यांनी नवीकोरी घेतलेली आणि रंग अजून मूळचाच आहे. दुसरी माझी काळी हॅचबॅक. पावसाळ्याच्या तोंडावर आणि मग दिवाळीच्या सुमारास दोन्ही धुऊन डब्यातलं कार्नोबाचं पेस्ट वॅक्स लावतो. बाबांच्या गाडीवर माझा जीव आहे, तिचा मूळ रंग जितका टिकेल तितका टिकवायचाय.

पॅड दोन प्रकारचे आहेत, पिवळे गोल फोमचे आणि हात अडकवायला पट्टी असलेले मायक्रोफायबरचे. फोमचं पॅड एकदा वापरलं की वॅक्स आत मुरतं आणि पुढच्या वेळी काढावं तर वरचा थर कडक, कडेला तर हाताला खरखरीत लागतं. साध्या पाण्यानं काहीच होत नाही, पाणी वरून घरंगळून जातं. कपड्यांच्या वडीनं घासलं तर पांढुरका चिकट साका बसतो जो निघता निघत नाही. पाणी बोअरचं आहे, भांड्यांवर पांढरे डाग पडतात असं.

दुसरी गोष्ट, बाबांच्या गाडीवर पॅड फिरवलं की लालभडक होतं, काळ्या गाडीवर काळं वगैरे काही होत नाही. रंग निघतोय का आणि निघत असेल तर काळजी करायची का? आणि असं पॅड धुऊन काळ्या गाडीला चालेल का, की त्यानं ओरखडे येतील? इथे चांगले पॅड दुकानात मिळत नाहीत, ऑनलाइन मागवावे लागतात, आणि प्रत्येक वेळी फोम कचऱ्यात टाकणं मला खरंच पटत नाही. गरम पाण्यात उकळू का, पेट्रोलनं धुऊ का, असे सल्ले ओळखीच्यांनी दिलेत पण करायच्या आधी इथे विचारावं म्हटलं.

प्रतिसाद:

दादा पेट्रोल, थिनर, रॉकेल काहीही नको, हे सगळ्यात आधी. फोम पॉलियुरेथेनचा असतो, तो या गोष्टींत फुगतो आणि मऊ पडून तुटायला लागतो, शिवाय घरात पेट्रोलनं भिजलेलं पॅड वाळत घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

पुण्यात माझं गाड्या डिटेलिंगचं छोटं काम आहे, पॅड धुणं हा रोजचा भाग आहे म्हणून जरा खोलात सांगतो. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागात होणाऱ्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण, आणि ते वितळतं ८२ ते ८६ अंशांना. मधमाशीचं मेण ६२-६४ लाच वितळतं. गिझरचं पाणी तुमचं फार तर ५५-६० असणार, म्हणजे गरम पाण्यानं कार्नोबा वितळून वाहून जाईल ही आशा सोडा. उकळत्या पाण्यात टाकलं तर मेण सुटेलही पण त्याबरोबर मागची वेल्क्रो चिकटवलेला गोंदही सुटतो. डब्यातल्या वॅक्समध्ये नुसतं कार्नोबा नसतं, तेलं असतात, मऊ मेणं असतात, सॉल्व्हंट असतं, म्हणून कोमट पाण्यानं ते नरम पडतं आणि मग त्याला पकडून पाण्यात न्यायला साबणच लागतो.

तर भांड्यांचं लिक्विड घ्या. वडी नको. भांड्याच्या वडीत घासायची पूड असते, कपड्यांच्या बऱ्याच वड्यांमध्येही खनिजांची बारीक पूड घातलेली असते, ती फोमच्या छिद्रांत बसली की तुम्ही गाडीवर पॉलिश पेपर फिरवताय असं समजा. आणि तुमचा तो पांढरा साका बोअरच्या पाण्यामुळेही असणार, साध्या साबणाचा पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी संबंध आला की असा न विरघळणारा चिकटा तयार होतो, बादलीच्या कडेला बसतो तोच. लिक्विडला हा त्रास खूप कमी.

हाताला सोसेल इतकं कोमट पाणी, त्यात लिक्विड, पॅड बुडवून १५-२० मिनिटं ठेवा. मग दोन्ही तळहातांत दाबायचं, सोडायचं, दाबायचं. कपड्यासारखं पिळायचं नाही, पिळलं की फोम आतून फाटतो आणि कळतही नाही. कडेला जिथे कडक झालंय तिथे थोडं लिक्विड थेट लावून अंगठ्यानं चोळा. ब्रश फोमला नको. शेवटी वाहत्या पाण्याखाली दाबत राहा, फेस यायचा पूर्ण थांबेपर्यंत, आतला साबण राहिला तर पुढच्या वेळी वॅक्स नीट पसरत नाही. शेवटचं पाणी जमलं तर पावसाचं किंवा फिल्टरचं घ्या.

आता लाल रंगाचं. जुन्या गाड्यांवर बऱ्याचदा सिंगल स्टेज पेंट असतो, वरून पारदर्शक क्लिअर कोट नसतो. ऊन-वाऱ्यानं वरचा थर जुना होऊन त्याची भुकटी होते आणि तीच पॅडवर येते. काळ्या गाडीवर क्लिअर कोट आहे म्हणून रंग येत नाही. वॅक्स हलक्या हातानं लावताना थोडा लाल येणं नॉर्मल आहे, घाबरू नका. काळजी पॉलिशची घ्या, पॉलिश खरोखर थर कापतं आणि मूळ रंग एकदाच असतो. वॅक्स करताना मात्र जोर लावायची गरजच नसते, पॅड आपल्या वजनानं फिरू द्या.

प्रतिसाद:

फोमचं वर आलंय तर मी मायक्रोफायबरचं सांगते. आमच्याकडे गाडी धुवायचं खातं माझ्याकडे असतं :) हे कापड पॉलिएस्टर आणि नायलॉनसारख्या धाग्याचं, धागे चिरलेले असतात म्हणून ते धूळ-मेण पकडून ठेवतात. कपड्यांचं कंडिशनर अजिबात घालायचं नाही, ते धाग्यांवर थर देतं आणि मग कापड नुसतं सरकतं, काही टिपत नाही. ब्लीच नको. जास्त गरम नको, धाग्यांची टोकं कडक होतात, मी ४० वर धुते. आधी लिक्विड लावून जुन्या मऊ टूथब्रशनं वॅक्स सैल करायचं, मग जाळीच्या पिशवीत घालून मशीनला. सुती टॉवेलबरोबर कधीच नाही हं, टॉवेलचा सगळा लिंट त्यावर येऊन बसतो आणि काळ्या गाडीवर लगेच दिसतो.

प्रतिसाद:

माझं मत वेगळं आहे. पेस्ट वॅक्सचं पॅड मी दर वेळी धुतच नाही. एका डब्याचं एक पॅड, काम झालं की झिपलॉकच्या पिशवीत, पुढच्या वेळी तेच. आत मुरलेलं वॅक्स वाया जात नाही, उलट कमी लागतं. वॅक्समध्ये घासणारे कण नसतात (क्लीनर वॅक्स सोडून, त्यात असतात, डब्यावर वाचा), मग दर वेळी धुऊन फोमचं आयुष्य कशाला कमी करायचं?

प्रतिसाद (डिटेलिंगवाला):

हे चालतं, नाही असं नाही, पण तीन अटींवर. गाडी खरंच स्वच्छ धुतलेली असली पाहिजे, पॅड फक्त एकाच गाडीचं पाहिजे, आणि दोन वापरांत फार दिवस जायला नकोत. धागाकर्त्यांचं वॅक्स वर्षातून दोनदा, मधल्या काळात सॉल्व्हंट उडून जातं आणि वरचं मेण कडक होतं, म्हणून त्यांना ते खरखरीत लागतंय. त्यांनी धुतलेलंच बरं. आणि एक, पॅड जमिनीवर पडलं तर ते गाडीसाठी संपलं. रत्नागिरीत तर वाळूच असणार खाली. वाळूचा कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो आणि फोममध्ये घुसलेला कण धुऊन निघाला की नाही हे सांगता येत नाही.

प्रतिसाद:

मध्येच विचारते, सिरॅमिक कोटिंगचे पॅड पण असेच धुता येतात का? भावाने घरी करायचं ठरवलंय.

प्रतिसाद (डिटेलिंगवाला):

नाही ताई, ते टाकूनच द्यायचे. सिरॅमिक हवेत कडक होतं आणि काचेसारखं होऊन धाग्यांत बसतं, साबणानं निघत नाही आणि परत वापरलं तर सरळ ओरखडे. सिंथेटिक सीलंटचं (नैसर्गिक मेणाऐवजी कृत्रिम रसायनाचं, वॅक्ससारखंच लावायचं ते) मधलं आहे, वापरल्या वापरल्या लगेच धुतलं तर निघतं, दुसऱ्या दिवसावर टाकलं तर कठीण होऊन बसतं.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. भांड्यांच्या लिक्विडनं जमलं! पहिल्या पाण्याला मेणचट पांढरं काहीतरी बरंच निघालं, नंतर फेस स्वच्छ यायला लागला आणि पॅड परत मऊ झालंय, शेवटचं पाणी पागोळ्यांखाली बादली लावून साठवलेलं घेतलं. पण लाल पॅडचा रंग पूर्ण गेला नाही, फिकट गुलाबी राहिलाय. हे साफ झालं म्हणायचं का? आणि इकडे आता पाऊस लागलाय, वाळवायचं कसं? काळ्या प्लास्टिकच्या बंपरला जे ड्रेसिंग लावतो त्याचं पॅडही याच पाण्यात धुतलं तर चालेल ना?

प्रतिसाद (डिटेलिंगवाला):

गुलाबी डाग राहू दे, डाग म्हणजे घाण नव्हे. पॅड वाळलं की पांढऱ्या सुती कापडावर जोरात घासा, कापडावर रंग आला तर परत धुवा, नाही आला तर साफ आहे. दुसरी तपासणी जुन्या सीडीवर, चकचकीत बाजूवर पॅड हलकं फिरवून उजेडात धरा. सीडीचं प्लास्टिक लवकर ओरखडतं, त्यामुळे तिच्यावर काही उमटलं नाही तर रंगावर निर्धास्त वापरा. उमटलं तर ते पॅड खालच्या कामाला.

तरीही लाल आणि काळ्याचे पॅड वेगळेच ठेवा, मागे मार्करनं लिहून टाका. लाल भुकटी काळ्या रंगात काही शिरणार नाही, पण दरवाज्याच्या फटीत, अक्षरांच्या कडेला वॅक्सबरोबर जाऊन बसते आणि काढताना वैताग येतो.

ड्रेसिंगचं पॅड त्या पाण्यात अजिबात नको. त्यात सिलिकॉन तेल असतं, ते सगळ्या पॅडना लागतं आणि मग गाडीवर ढगाळ पट्टे. ते कायमचं वेगळं.

प्रतिसाद:

वाळवायचं मी सांगते, आम्ही देवगडचे, पावसाचा अनुभव भरपूर :) आधी कोरड्या टॉवेलात गुंडाळून वरून दाबायचं, निम्मं पाणी तिथेच जातं. सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर असेल तर जाळीच्या पिशवीत घालून फिरवा. मग पंख्याखाली जाळीवर उभं ठेवायचं, आडवं ठेवलं तर खालची बाजू ओलीच राहते. कडक ऊन असलं तरी उन्हात नको, फोम पिवळा पडून कुरकुरीत होतो. आणि आतून पूर्ण वाळल्याशिवाय झिपलॉकमध्ये घालू नका, दोन बोटांत दाबून गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून ओलावा आहे. ओलं बंद केलं की बुरशी धरते आणि तो वास मग जात नाही.

प्रतिसाद (डिटेलिंगवाला):

आणि कितीही जपलं तरी टाकायची वेळ येतेच. दाबल्यावर फुगून परत मूळ आकारात येत नसेल, बोटानं कड चोळली की फोमचे कण हातावर येत असतील, वेल्क्रो सुटत असेल, तर बॉनेटवर नको. आमच्याकडे असं पॅड आधी दरवाज्याच्या आतल्या कडांना, मग रिमला, मग टायरला जातं. टायरवर गेलेलं पॅड मात्र कितीही स्वच्छ दिसलं तरी परत वर आणायचं नाही.

धागाकर्ता:

समजलं. लाल, काळी आणि बंपर अशी तीन नावं लिहून टाकतो. सीडी शोधतोय, बाबांच्या कपाटात असेल एखादी.