लॅमेटासॉरसला चिलखत होतं की नव्हतं?

निपाणीकर_७१:
मंडळी, पोरगीला शाळेत भारतातल्या डायनासोरवर प्रोजेक्ट दिलाय. एका जुन्या पुस्तकात जबलपूरचा लॅमेटासॉरस म्हणजे अंगावर हाडांचं चिलखत असलेला असं छापलंय, आणि मोबाईलवर बघितलं तर तोच दोन पायांवर पळणारा मांसाहारी म्हणालेत. नक्की काय लिहायचं? दुसरं म्हणजे सासरे गोकाककडनं एक लाटालाटांची फरशी घेऊन आलेत, डायनासोरची कातडीच हाय म्हणून हट्ट धरून बसलेत.

खानापूर_पॅसेंजर:
आधी सासऱ्यांचं मिटवू. गोकाकचा दगड कलादगी नावाच्या लई जुन्या थरातला वालुकाश्म, त्यावर उथळ पाण्यानं वाळूत उठवलेल्या लाटा तशाच्या तशा राहिल्यात. तो दगड झाला तेव्हा डायनासोर काय, साधा मासापण नव्हता की.

दगडधोंडे:
घोळ असा झाला. मॅटली नावाच्या साहेबानं १९२३ मध्ये जबलपूरच्या बारा सिमला टेकडीतल्या हाडांवरनं लॅमेटासॉरस हे नाव दिलं. मिळालं काय, तर कमरेची हाडं, पायाची नळी, आणि कातडीतली हाडाळ खवलं, सगळं एका जागी म्हणून एकाच जनावराचं धरलं. भंगारवाल्याच्या ढिगात बुलेटची टाकी नि रिक्षाचं हँडल मिळालं म्हणून दोन्हींची एक गाडी केल्यासारखं. १९३५ ला चक्रवर्ती नावाच्या संशोधकांनी हरकत घेतली की ही वेगवेगळ्या जनावरांची हाडं हायत. आता कंबर-पाय अ‍ॅबेलिसॉरिड गटातल्या दोन पायांच्या मांसाहारीचे मानतात, आणि खवलं बहुतेक लांब मानेच्या टायटॅनोसॉरची. टायटॅनोसॉरला खवलं? होय, १९८० मध्ये अर्जेंटिनाच्या साल्टासॉरसनं ते पक्कं दाखवून दिलं, त्याआधी ही कल्पना फारशी कुणी मानत नव्हतं.
गंमत म्हणजे याच चक्रवर्तींनी १९३४ ला जबलपूरच्याच एका दंडाच्या हाडावरनं ब्रॅकिपोडोसॉरस नावाचा चिलखती डायनासोर जाहीर केला होता. एक हाड! त्याच्यावरपण आता कुणी फार भरवसा ठेवत नाही.

निपाणीकर_७१:
अरे देवा, पोरगीनं चित्र काढून झालंय, पाठीवर पत्रे मारल्यागत.

दगडधोंडे:
ऱ्हाऊ दे की तसंच. खाली '१९२३ ची समजूत' लिहा आणि शेजारी दोन पायांचं दुसरं काढायला लावा, बाई उलट खूश होतील.

निपाणीकर_७१:
बरं. फरशी काय परत जात नाही, सासूबाई तिच्यावर धुणं धुवायला लागल्यात, लाटांनी कॉलर लई भारी निघते म्हणालेत.