सावली आहेच, पण रात्रही बघा

पिकाखालची जमीन थंड राहते ती निव्वळ सावलीमुळे, असं तुम्ही जमिनीच्या तापमानाच्या नोंदी देऊन म्हटलंय. अर्धंच खरं. उघड्या जमिनीत दुपारी निव्वळ प्रारणाचा (म्हणजे येणाऱ्या प्रारण-ऊर्जेतून परत जाणारी वजा करून उरते तिचा) साधारण तिसरा हिस्सा उतरतो (ओलाव्यानुसार कमीजास्त). दाट पिकाखाली तो 10 टक्क्यांच्या आसपास येतो. बाकीची बरीचशी ऊर्जा पानांतल्या पाण्याची वाफ होण्यात खर्ची पडते. रात्री उलटा प्रवास: पानांचं छत मातीची उष्णता आभाळात सहज निसटू देत नाही. म्हणजे कमाल तापमान उतरतं, तसं किमान थोडं चढतंही.

बाकी तुम्ही थर्मामीटर किती खोल खुपसला होता? 5 सेंमी की 20? दुपारचा चढ खाली पोचायला काही तास लागतात, त्यामुळे वेगवेगळ्या खोलीवरच्या एकाच वेळच्या नोंदींची तुलना फसवी ठरते.